अंगणातलं गाव

तात्यांच्या वर्षश्राद्धाची बासुंदी गावाला बाधली, ही बातमी सकाळी कौडवाडीतून निघाली, घाटनांदूरच्या बाजारात चहापाणी करून दुपारी परत आली, तेव्हा तिच्यात विष मिसळलेलं होतं. तात्यांच्या थोरल्या लेकाच्या, सुंदररावांच्या, कानावर ती घालायला माणसांची कमी नव्हती. ज्यांनी तीन-तीन वाट्या ओरपल्या होत्या तेच आधी धावत आले.

त्यांच्या बायको, विमलबाई, ओसरीवर नणंदेच्या उशाशी वारा घालत बसल्या होत्या. बायनाबाई चकलांब्याहून बापाच्या वर्षश्राद्धाला आल्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच आडव्या झाल्या. सलाईन लावून त्यांना घरी आणलं होतं. आता शिवकन्या, विमलबाईंची लेक, त्यांना मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटानं पाजत होती. बाईंचं अंग पार गळालं होतं, तोंड तेवढं धडधाकट राहिलं होतं.

"किती पाजतीस गं? मी काय म्हैस हाय का?"

"म्हैस असता तर छावनीत बांधलं असतं, आत्या. प्या."

पोरगी रिकामा तांब्या घेऊन आत गेली. बायनाबाईंनी ओठ पुसले आणि वहिनीकडं वळून म्हणाल्या, "पानी असावं तर त्या दिवशीसारखं. फाट्यावर येष्टीतून उतरले, आपल्या पानपोईचा पयला घोट घेतला, आन डोळेच भरून आले बगा वैनी. तात्याची विहीर मी जिभेवर वळखली."

विमलबाईंना बरं वाटलं. एवढ्या गोंधळात तेवढं एक काम कुणाच्या तरी ध्यानात राहिलं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. गावाला टँकर होता. फाट्यावर, लिंबाखाली, सासऱ्यांच्या नावानं पाणपोई होती आणि तिचे तीन मोठे रांजण विमलबाई टँकरच्या पाण्यानं भरून घ्यायच्या. सुट्टीला आल्यापासून शिवकन्या त्यात न चुकता पाणी शुद्ध करायची पावडर टाकायची. पण खुद्द वर्षश्राद्धाला, सासऱ्यांच्या नावानं, औषधाच्या वासाचं पाणी कसं पाजायचं? बहात्तरच्या दुष्काळात तात्यांनी स्वतः पहार मारून जी विहीर खोदली तिच्या तळाला थोडं पाणी होतं. विमलबाईंनी पहाटे गड्याला पाठवून तेच रांजणात भरायला लावलं आणि वर वाळ्याच्या जुड्या सोडल्या. लेकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं तासभर शिकवलं असतं.

अंगणात दोघं भाऊ एकमेकांना भिडले होते.

"मी पयल्यापासून सांगत होतो, दादा," मोहनराव म्हणाले. "परळीहून खवा आनू, आचारी आनू. तुमचं आपलं एकच, बासुंदी संस्थेच्या दुधाचीच पायजे."

"तात्यानं संस्था काढली. तात्याच्या श्राद्धाला दूध दुसऱ्याचं घालायचं?"

"मग भोगा आता. सांजच्याला सभासद यायलेत. दूध खासगी डेअरीला घालतो म्हनतेत."

"म्हनतेत, का तू म्हनवतोस बे?"

मोहनराव टोपी झटकायला लागले, म्हणजे ते खरंच होतं. संस्थेच्या गेल्या निवडणुकीत खळ्यावर दोघांची जुंपली त्याला आता दोन पावसाळे, म्हणजे न पडलेले पावसाळे, झाले होते. अध्यक्षपद थोरल्याकडं राहिलं आणि धाकट्याच्या मनात सल राहिला. दूध संस्थेत आता दुधापेक्षा चिंताच जास्त जमा होत होती. निम्म्या गाई संस्थेनंच चालवलेल्या चारा छावणीत उभ्या होत्या. जनावरांबरोबर त्यांची माणसंही तिथंच राहत होती. सुंदररावांनी जीव तोडून ती छावणी उभी केली होती, तात्यांच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, चढावर. आज सभासद फुटले तर संस्थेला कुलूप आणि छावणीलाही. मग गाई कुठं जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कसायाचा टेम्पो आठवड्याला एक चक्कर मारतच होता.

एवढ्यात शिवकन्या बाहेर आली. हातात रांगोळीचा डबा, काखेत दोन सुपल्या. एकीत ज्वारी, दुसरीत हरभरे.

"माय, अंगण कुनी तुडवू नका," असं म्हणून ती खाली बसली.

"हे काय आता?" सुंदरराव म्हणाले. "घरात सुतक आल्यावानी झालंय आन रांगोळी काढतीस?"

"गाव काढायलेय, नाना."

सुंदररावांनी कपाळावर हात मारला. या पोरीच्या शिक्षणाचा त्यांनी आधीच धसका घेतला होता. पुण्याला दोन वर्षं झाली, सार्वजनिक आरोग्यात पदवी करते म्हणते. श्राद्धाला जमलेल्या बायकांनी विमलबाईंना घेरलंच होतं. डॉक्टर होणार का? नाही. नर्स? नाही. मग मेडिकल दुकान काढणार? तेही नाही. मग काय शिकते? विमलबाईंनी फरशीकडं बघत "हाय काहीतरी मोठं" असं म्हणून वेळ मारून नेली होती. आदल्या रात्री नवऱ्यानं सांगून टाकलं होतं, यंदा पुण्याला जायचं नाही, शेवटचं वर्ष राहिलं तर राहू दे, ज्याचं नाव सांगता येत नाही ते शिकून काय करायचं. त्यावरही विमलबाई गप्पच बसल्या होत्या. पोरीनं आईकडं एकदा बघितलं होतं आणि भांडी घासायला घेतली होती. ते बघणं विमलबाईंच्या मनातून जात नव्हतं.

आता ती रांगोळीच्या रेघा ओढत होती. आधी ओढा, मग देवळाचा पार, मग वरची आळी, खालची आळी, माळवस्ती. फाट्याचा लिंब काढला, विहीर काढली, छावणी काढली. अंगणात हळूहळू कौडवाडी उतरायला लागली. ओसरीवरून बायनाबाई आडव्या पडल्या पडल्या देखरेख करू लागल्या.

"गिरन तिकडं न्हाई गं, देवळाच्या पल्याड. आन आमच्या शाळेतल्या कडूबाईचं घर कुठं गेलं?"

"काढते, आत्या." मग तिनं सुपल्या पुढं ओढल्या. "ज्याला जुलाब झाले त्याच्या घरावर ज्वारीचा दाना. जेवून बी जो धड राहिला त्याच्या घरावर हरभरा. मी दोन दिवस घरोघर हिंडलेय, पन श्राद्धाला कोन कोन आलतं ते समदं मला ठावं न्हाई. काका, तुमी दारात उभे होता."

मोहनरावांनी हे काम मनावर घ्यायला नको होतं. भावाची फजिती होत असताना मदत करणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. पण कोण आलं, कोण नाही, कुणाचं कोणतं घर, हे त्यांना विचारणं म्हणजे मुरलेल्या गवयाला सूर विचारण्यासारखं होतं. पुढारी माणूस, गावातलं प्रत्येक मत त्यांना चुलीसकट पाठ. थोडा वेळ ते उभ्यानं सांगत राहिले, मग धोतराचा सोगा खोचून खाली बसले आणि स्वतःच दाणे टाकायला लागले.

"भगवानराव जेवले, ठीक हायत. हरभरा. त्यांची सून छावनीवर असती, ती पडली. ज्वारी. माळवस्ती अख्खी जेवली की." मोहनराव थबकले. "माळवस्तीत कुनीच न्हाई पडलं का गं?"

"कुनीच न्हाई."

"त्या धुळाजीनं तर बासुंदीचं पातेलं पुसलं. मी बगत होतो."

"म्हनून त्याच्या घरावर मोठा हरभरा टाका," बायनाबाई म्हणाल्या.

सुंदरराव कडेला उभे होते तेही जवळ आले. माळवस्तीवर पिवळे हरभरे चमकत होते. खालच्या आळीत, छावणीत, फाट्याच्या अवतीभवती ज्वारी पांढरी पडली होती. विमलबाई ओसरीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. या गावात त्या लग्न होऊन आल्या त्याला पंचवीस वर्षं झाली असतील. घरोघर हळदीकुंकवाला गेल्या, बाळंतपणं केली, मयतीला बसल्या. पण गाव असं कधी दिसलं नव्हतं. देवाला वरून दिसत असेल तर असंच दिसत असेल, असं त्यांना वाटलं. आणि ते आपल्या पोटच्या पोरीनं रांगोळीच्या डब्यातून काढलं होतं.

याच वेळी दारात काठी वाजली. घाटनांदूरचे किराणा दुकानदार रेवणसिद्ध आत आले. चेहरा पांढराफटक, एका हातानं पोट धरलेलं. श्राद्धाचं सामान त्यांच्याच दुकानातून आलं होतं.

"सुंदरराव, मी भांडायला आलोय," ते म्हणाले आणि दमून ओसरीवर बसले. "लोक म्हनायलेत माझ्या साखरेत काही होतं. माझ्या बापापासूनचं दुकान हाय. अन् मीच तीन दिवस झाले मोरीत."

"तुमी बी बासुंदी खाल्ली का?" मोहनरावांनी ज्वारीचा दाणा उचलला.

"कशाची बासुंदी? त्या दिवशी सोमवार. वैजनाथाचा माझा कडक उपास. तुमच्या घरी घास उचलला न्हाई मी. सामान उतरवलं अन् फाट्यावर येष्टीला जाऊन थांबलो."

शिवकन्येनं मान वर केली. "अन्नाचा कन बी न्हाई?"

"न्हाई म्हनतो की."

"मग प्यायलात काय, काका?"

"पानी. तुमच्याच पानपोईचं. ऊन लई होतं, दोन-तीन पेले प्यालो. काय गारवा होता, वाळ्याचा वास."

शिवकन्येनं त्यांच्या हातातली काठी बाजूला केली, एक दाणा घेतला आणि फाट्याच्या लिंबाखाली ठेवला. मग ती तशीच उकिडवी बसून राहिली. बघणाऱ्यांनाही दिसायला लागलं. फाट्यावर उतरून आलेले पाहुणे. छावणीतली माणसं, जी तहान लागली की फाट्यावर येतात. खालच्या आळीतली पोरं. आणि माळवस्ती, जी मागच्या वाटेनं आली, मांडवात मोहनरावांनी आणलेलं जारचं पाणी प्याली आणि मागच्याच वाटेनं गेली.

"बासुंदी न्हाई," सुंदरराव म्हणाले. "बासुंदी न्हाईच ही."

"पन नाना, रांजनात टँकरचं पानी असतं," शिवकन्या म्हणाली. "घरातल्या हौदात येतं तेच. पावडर मी सवता टाकते. घरात तर कुनाला काय झालं न्हाई. हितंच आडतंय." ती कपाळ चोळायला लागली. "माझंच चुकत असंल."

"चुकतंय तर," मोहनराव लगेच उठून उभे राहिले. "पानी टँकरचंच असंल तर फिरून बासुंदीवरच येतं. एक उपाशी मानूस पडला म्हनून काय झालं? ऊन लागलं असंल. सभासदांना मी काय ज्वारी-हरभरे दाखवू?"

सुंदररावांचा चेहरा पुन्हा उतरला. "आवर ते समदं," ते लेकीला म्हणाले. "झाड अंगण."

विमलबाईंनी ओसरीवरच्या अंथरुणाकडं बघितलं. बायनाबाई त्यांच्याकडंच बघत होत्या. त्यांनाही सगळं उमगलं होतं, जिभेवर ओळखलेल्या विहिरीसकट. नणंदेनं हळूच मान हलवली. बोलू नका, वैनी, मी बी बोलत न्हाई. जन्मभर या दोघींचं कधी फारसं पटलं नव्हतं. लुगड्यावरून, दागिन्यावरून, एकदा तर लोणच्याच्या बरणीवरून सहा महिने अबोला होता. आणि आज ही बाई, जिच्या जिवावर बेतलं होतं, तीच भावजयीला पाठीशी घालायला निघाली होती.

खरंच, गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसायची तर त्यांना सवयच होती. पण अंगणातला तो लिंब त्यांना दिसत होता आणि त्याखाली ज्वारीचा ढीग. रांजण मोठे होते. आजाऱ्यांच्या धावपळीत तीन दिवस ते कुणी भरले नव्हते, म्हणजे तेच पाणी अजून तिथं होतं. आणि दुपारची एसटी यायची वेळ झाली होती. शिवकन्या केरसुणीकडं हात नेत होती.

"झाडू नको," विमलबाई म्हणाल्या. "तुजं न्हाई चुकलं. त्या दिवशी रांजनात टँकरचं पानी नव्हतं. तात्यांच्या विहिरीचं होतं. मी भरून घेतलतं."

पोरीनं आईकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर विमलबाईंना सोसला असता. पण पोरगी फक्त विचारत होती. "पावडर?"

"न्हाई टाकली. त्यांच्या नावाचं पानी. औषधाचा वास नगं वाटला."

शिवकन्येनं विहिरीवरून बोट फिरवलं, तिथून वर चढावर छावणीपर्यंत नेलं. जनावरांच्या गोठ्याचा उतार, माणसांच्या पहाटेच्या बसायच्या जागा, सगळं त्या एका रेघेत आलं. ती सगळी घाण उतारानं विहिरीत झिरपत होती.

"बगा," मोहनराव म्हणाले, "छावनी तिथं नगं म्हनलतो का न्हाई मी? दादानं—"

"काका, कुनी काय केलं ते मागनं." पोरीचा आवाज चढला नव्हता, पण मोहनरावांसारखा माणूस मध्येच थांबला. "माय, रांजनात आजून पानी हाय?"

"निम्मं तरी आसंल."

ती चप्पल न घालता निघाली. तिच्या मागं सुंदरराव, त्यांच्या मागं मोहनराव, आणि डोक्यावरचा पदर सावरत विमलबाई. रेवणसिद्धही काठी टेकत निघाले, भांडण अर्धवट टाकून. बायनाबाईंनी ओसरीवरून विचारलं, मला कोन नेतंय, पण ऐकायला कुणी राहिलं नव्हतं.

फाट्यावर लिंबाखाली बायाबापड्या बसल्या होत्या. एक बाई पेला रांजणात घालतच होती. शिवकन्येनं तिचा हात धरला. मग सुंदररावांनी पहिल्या रांजणाला खांदा लावला. तो हलेना. त्यांनी धाकट्याकडं बघितलं नाही, हाकही मारली नाही. मोहनराव आपणहून पुढं आले, दुसऱ्या बाजूनं हात घातला आणि दोघा भावांनी मिळून तो आडवा केला.

त्या उन्हाळ्यात पाणी मातीत ओतताना बघणं म्हणजे काय, ते तिथं असणाऱ्यालाच कळावं. बायका उठून उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्यानं धावत येऊन आपली घागर खाली धरली, तर सुंदररावांनी ती हळूच सरकवली. "न्हाई, बाबा. हे पानी न्हाई," एवढंच ते म्हणाले. तात्यांच्या विहिरीचं पाणी भेगाळलेल्या जमिनीत दिसेनासं झालं. विमलबाई ते बघत रडत होत्या आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

सांजच्याला सभासद आले. सुंदररावांनी त्यांना ओसरीवर बसवलं नाही, अंगणात नेलं. "बासुंदीनं न्हाई झालं. आमच्या घरच्या रांजनानं झालं, छावनीच्या उतारानं झालं," ते म्हणाले आणि घरच्या बाईचं नाव त्यांनी घेतलं नाही. दाणे कुठं का पडले, हे मात्र मोहनरावांनी समजावून सांगितलं. इतकं रंगवून सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं रांगोळी त्यांनीच काढली. खासगी डेअरीचा विषय कुणी काढला नाही, त्यांनी तर मुळीच नाही. आरोग्य केंद्राची माणसं विहिरीच्या पाण्याचा नमुना घेऊन गेली. काट्यांचा फास टाकून विहिरीचं तोंड बंद केलं, छावणीची जागा बदलायचं ठरलं, खालच्या अंगाला चर खोदले गेले.

शिवकन्या रोज सकाळी गावभर हिंडून यायची आणि अंगणातल्या गावाजवळ बसायची. पहिल्या दिवशी तिनं आणखी दोन-तीन दाणे टाकले. मग एक. मग ती नुसतीच बसून राहिली. सुपली भरलेली, आणि टाकायला दाणा नाही. विमलबाई चुलीपुढून हे बघत होत्या. काही होत नव्हतं, आणि ते काही न होणंच त्यांच्या लेकीनं केलं होतं. याच्याएवढं नवल त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

बायनाबाई चकलांब्याला निघाल्या तेव्हा गावात लोक म्हणत होते, साथ आली तशी आपोआप गेली, तात्यांची पुण्याई. विमलबाई चिडल्या. "आपोआप कशी? तू सांग की त्यांना."

शिवकन्या हसली. "असंच म्हनतेत, माय. काम नीट झालं की असंच म्हनतेत."

आत्याला एसटीत बसवायला सगळे निघाले. दारात शिवकन्येचीही बॅग भरून ठेवलेली होती. कुणी भरायला सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. सुंदरराव बाहेर आले, ती बॅग उचलली आणि अंगणात पाय टाकता टाकता थबकले. मग कडेकडेनं, भिंतीला घासत, माळवस्तीला वळसा घालून दारापाशी गेले. गाव त्यांनी तुडवलं नाही.

"सुट्टीच्या आधी पुन्याचा पत्ता सांग," ते लेकीकडं न बघता म्हणाले. "न्यायला येईन."

एसटी दोघींना घेऊन गेली. धुरळा बसला तरी विमलबाई लिंबाखाली उभ्या राहिल्या. रांजण पुन्हा भरलेले होते, टँकरच्या पाण्यानं, आणि सकाळची पावडर त्यांनी स्वतः टाकली होती, पोरीनं शिकवलेल्या मापानं. छावणीवरची एक परकी बाई कडेवर लेकरू घेऊन आली. पेला तोंडाशी नेला आणि नाक मुरडलं.

"औषीदाचा वास मारतोय की ओ."

"मारतोय."

"ती आत्ता गेली ती तुमची का? काय शिकती म्हनायची?"

या वेळी विमलबाईंनी खाली बघितलं नाही. पेला बाईच्या हातातून घेतला, थोडं पाणी स्वतः प्याल्या आणि पुन्हा रांजणात न बुडवता पळीनं भरून तिच्यापुढं धरला.

"हेच शिकती," त्या म्हणाल्या. "पी. लेकराला बी पाज. बिनघोर पाज."